याकोबाची टाच आणि एसावाचं तांबडं कालवण : हिब्रू बायबलमधली नावं वाचायची कशी

बाळासाठी बायबलमधलं नाव शोधणाऱ्यांना इंटरनेटवर अर्थांच्या लांबलचक याद्या सापडतात. याकोब म्हणजे 'टाच धरणारा', मोशे म्हणजे 'पाण्यातून काढलेला', शमुवेल म्हणजे 'देवाकडे मागितलेला'. गंमत अशी की यातला एकही अर्थ भाषाशास्त्राच्या कसोटीला धड उतरत नाही, आणि तरीही तिन्ही अर्थ बायबलच्या कथांमधूनच आलेले आहेत. मग या कथा लिहिणाऱ्यांना स्वतःची हिब्रू येत नव्हती की काय? येत होती, आणि चांगलीच येत होती. फक्त नावाची व्युत्पत्ती शोधण्यात त्यांना रस नव्हता. त्या नावातून आणखी कोणकोणते शब्द ऐकू येतात, आणि त्यातून माणसाचं पुढे काय होणार हे कसं सुचवता येईल, यात त्यांना रस होता.

हे शक्य झालं हिब्रूच्या घडणीमुळे. हिब्रूतले बरेचसे शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे असतात. म-ल-ख हा सांगाडा घेतला तर 'मेलेख' म्हणजे राजा, 'मल्का' म्हणजे राणी, 'मलखूत' म्हणजे राज्य. रूथच्या पुस्तकातला अलीमलेख म्हणजे 'माझा देव राजा आहे', त्यातही हाच सांगाडा. शिवाय प्राचीन काळी लिहिताना मुख्यतः व्यंजनंच लिहीत. स्वर कुठे कुठे एखाद्या अक्षराने सुचवलेले, बाकी वाचणाऱ्याच्या तोंडात. आज हिब्रू बायबलमध्ये अक्षरांच्या खाली-वर दिसणारी स्वरचिन्हं मासोरेती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंडितांनी इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान घातली. म्हणजे त्यापूर्वीच्या वाचकापुढे व्यंजनांचा नुसता सांगाडा असे, आणि एक सांगाडा पाहिला की त्यासारखा दुसरा आठवे. त्यात हे सगळं मोठ्याने वाचायचं आणि ऐकायचं साहित्य. आपल्या काव्यशास्त्रात याला श्लेष म्हणावं की यमक, असा प्रश्न पडेल. खरं तर दोन्हींच्या मधलं काहीतरी. मोरोपंतांची आर्या कानाने वाचणाऱ्याला ते लगेच पकडता येईल.

एदेन बागेपासूनच सुरुवात करू. देव मातीपासून माणूस घडवतो. माती म्हणजे 'अदामा', माणूस म्हणजे 'आदाम'. मराठी बायबलमध्ये आदाम हे विशेषनाम झालं आहे, पण हिब्रू वाचकाला तिथे 'मातीतला मातकट' असं काहीतरी ऐकू येतं. पुढे शिक्षा होते तीही मातीशी बांधलेली: मातीत राबशील, मातीत परत जाशील. आदाम आणि त्याची बायको नग्न होते, असं दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी येतं. नग्न म्हणजे 'अरूम्मीम'. लगेच पुढचं वाक्य: साप सर्व प्राण्यांत धूर्त होता. धूर्त म्हणजे 'अरूम'. अंगावर काही नसलेली दोन माणसं आणि आतून पक्का बनेल असलेला प्राणी, एकाच आवाजाने शेजारी आणून ठेवले आहेत. अध्यायांची विभागणी मूळची नाही, ती तेराव्या शतकात झाली, आणि नेमकी या दोन शब्दांच्या मधूनच रेघ गेली. त्यामुळे आज कित्येक वाचक दुसरा अध्याय वाचून पुस्तक मिटतात आणि हा धागा तिथेच सुटतो.

त्यांचे मुलगे काइन आणि हाबेल. काइनच्या जन्मावेळी हव्वा म्हणते 'कानीती', म्हणजे मिळवला. नावाचा खुलासा झाला. हाबेलच्या नावाचा खुलासा कोणीच करत नाही. गरजही नाही. हिब्रू 'हेवेल' म्हणजे वाफ, फुंकर, क्षणात विरून जाणारी गोष्ट. उपदेशकाच्या पुस्तकात 'व्यर्थ हो व्यर्थ' असं जे पालुपद येतं, ते मुळात हेच: 'हवेल हवालीम'. असं नाव घेऊन आलेला माणूस कथेत फार काळ टिकणार नाही, हे हिब्रू ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं. हाबेल त्या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. मेल्यावर त्याचं रक्त तेवढं मातीतून ओरडतं.

बाबेलच्या बुरुजाची कथा तर शेजारच्या महासत्तेची उघड टिंगल आहे. बाबिलोनी लोक आपल्या शहराचं नाव 'बाब-इली' असं लावत, म्हणजे देवाचं दार. कथा म्हणते, छे, बाबेल हे नाव 'बालाल' वरून पडलं, म्हणजे कालवाकालव, गोंधळ. त्यातही कारागिरी बघा. माणसं म्हणतात 'निल्बना', चला विटा पाडू. देव म्हणतो 'नाव्ला', चला यांची भाषा कालवून टाकू. पहिल्यात ल-ब-न, दुसऱ्यात न-ब-ल. तीच व्यंजनं उलटी. माणसांनी रचलं ते देवाने उलटं केलं, हे शब्दांच्या अक्षरांतच करून दाखवलं आहे. महापुरातून वाचलेल्या नोहाच्या बाबतीत असाच उलटापालटीचा खेळ आहे: नोहा हिब्रूत न-ह, आणि त्याच्यावर देवाची जी कृपा झाली ती 'हेन', म्हणजे ह-न.

पण या खेळाचा खरा बादशहा याकोब. जन्मताच जुळ्या भावाची टाच धरून बाहेर येतो; टाच म्हणजे 'आकेव', म्हणून नाव 'याअकोव', ज्याचं मराठीत याकोब झालं. अभ्यासकांच्या मते या नावाचा मूळ अर्थ 'देव रक्षण करो' असा काहीसा असावा. याच घडणीची नावं त्या काळी पश्चिम आशियात सर्रास असत. इजिप्तमध्ये हिक्सोस या परक्या राजवटीच्या काळातल्या याकूब-हर नावाच्या राजाच्या मुद्राही सापडल्या आहेत. कथाकाराला मात्र ती टाचच हवी. कारण त्याच व्यंजनांतून 'फसवणं, पाय ओढणं' हाही अर्थ निघतो, आणि पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे.

थोरला भाऊ एसाव. जन्मताच लालसर, 'अदमोनी'; अंगभर केस, 'सेआर'. त्याच्या वंशजांच्या प्रदेशाची नावं अदोम आणि सेईर. म्हणजे बाळाच्या वर्णनातच शेजारच्या देशाचा नकाशा लपवलेला आहे. मोठा झाल्यावर हा एसाव रानातून भुकेला येतो, याकोबाने मसुरांचं कालवण शिजवलेलं असतं. एसाव म्हणतो, 'ते तांबडं, ते तांबडं दे मला!' हिब्रूत 'हा-आदोम हा-आदोम'. भुकेने इतका कासावीस की पदार्थाचं नावही सुचत नाही, नुसता रंग ओरडतो. त्या कालवणापायी ज्येष्ठपणाचा हक्क विकतो, आणि कथाकार शांतपणे सांगतो: म्हणून त्याचं नाव अदोम पडलं. एका राष्ट्राच्या पूर्वजाला खादाड ठरवायला यापेक्षा कमी शब्द लागणार नाहीत.

पुढे म्हाताऱ्या आंधळ्या इसहाकाला फसवून याकोब बापाचा आशीर्वादही लाटतो. तेव्हा एसाव रडत जे म्हणतो (उत्पत्ति २७:३६) ते वाक्य म्हणजे या साऱ्या कलेचा कळस आहे. याकोब हे नाव बरोबरच ठेवलंय, त्याने मला दोनदा टाच मारली. आधी माझा ज्येष्ठपणाचा हक्क नेला, आता माझा आशीर्वाद नेला. 'माझा ज्येष्ठपणा' म्हणजे 'बखोराती', 'माझा आशीर्वाद' म्हणजे 'बिरखाती'. स्वर काढून टाका: ब-ख-र-त-य आणि ब-र-ख-त-य. दोन अक्षरांची अदलाबदल, बस. दोन भावांची जागा जशी बदलली तशीच. एवढ्या दुःखात माणूस शब्दखेळ करील का, असं आपल्याला वाटेल. पण बायबलमध्ये शब्दखेळ म्हणजे हसवणूक असं समीकरण नाही. उलट सगळ्यात जड क्षणीच तो वापरतात.

वीस वर्षांनी याकोब घरी परततो, तेव्हा याब्बोक नदीच्या उताराजवळ रात्रभर एक अनोळखी पुरुष त्याच्याशी कुस्ती खेळतो. कुस्तीसाठी वापरलेलं क्रियापद 'येआवेक'. याअकोव, याब्बोक, येआवेक: माणूस, नदी आणि झटापट हे तिन्ही शब्द एकमेकांत इतके गुंततात की मोठ्याने वाचताना जीभच अडखळते. हे क्रियापद अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये या प्रसंगाखेरीज कुठेच येत नाही. कुस्तीसाठी दुसरा शब्द शोधता आला असता, पण या नदीकाठी हाच हवा होता. पहाटे याकोबाचं नाव बदलून इस्राएल होतं. टाच धरणारा आता देवाशी झुंजणारा झाला, पण जाताना मांडीच्या सांध्याला मार खाऊन लंगडत गेला. पायाने सुरू झालेली गोष्ट पायावरच येते.

याकोबाच्या बापाचं नाव इसहाक, हिब्रूत 'यित्सहाक', म्हणजे 'तो हसतो'. कोण हसतो, हे नाव सांगत नाही, आणि कथा त्याचा पुरेपूर फायदा घेते. शंभरीच्या घरात मूल होणार हे ऐकून आधी त्याचा बाप अब्राहाम हसतो. मग तंबूच्या दाराआड आई सारा हसते, आणि पकडली गेल्यावर 'मी नाही हसले' म्हणते. मूल झाल्यावर ती म्हणते, ऐकणारा प्रत्येक जण आता हसेल. या हसण्यात अविश्वास आहे, आनंद आहे, लोक काय म्हणतील ही धास्तीही आहे. मग साराची दासी हागार हिला अब्राहामापासून झालेला मुलगा इश्माएल 'मेत्साहेक' करताना दिसतो, म्हणजे तेच क्रियापद: खेळत होता की खिदळत होता की टर उडवत होता? भाषांतरकार आजही भांडतात. साराला मात्र तो 'इसहाकगिरी' करताना दिसला असावा, वारसाची जागा घेऊ पाहणारा. पुढे एकदा इसहाक आपली बायको रिबका हिला बहीण म्हणून सांगतो, आणि राजा अबीमलेख खिडकीतून पाहतो तर इसहाक तिच्याशी पुन्हा 'मेत्साहेक'. इथे अर्थ लाडीगोडीचा. नावाप्रमाणे वागला आणि पकडला गेला.

याकोबाची बायको लेआ, तिच्या मुलांची नावं मला या सगळ्यांत जास्त जिव्हारी लागतात. नवऱ्याचं प्रेम धाकट्या बहिणीवर, राहेलवर. लेआला मुलगा होतो, ती नाव ठेवते रऊबेन. शब्दशः 'बघा, मुलगा!' पण लेआ त्यातून वेगळंच काढते: परमेश्वराने माझं दुःख पाहिलं, आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील. दुसरा शिमोन, 'ऐकणं' या धातूवरून: मी नावडती आहे हे देवाने ऐकलं. तिसरा लेवी, 'जोडला जाणं' वरून: आता नवरा मला जोडला जाईल. तिन्ही नावं म्हणजे नवऱ्याला धाडलेले निरोप. चौथ्याच्या वेळी ती म्हणते, आता मी परमेश्वराची स्तुती करीन, आणि नाव ठेवते यहूदा. या वेळी नवऱ्याचा उल्लेखच नाही. याच यहूदाच्या वंशात पुढे दावीद राजा होतो, आणि 'यहुदी' हा शब्दही याच नावावरून आला.

मोशेची गोष्ट निराळी. फारोची मुलगी नदीतून टोपली काढते, बाळाला मोशे म्हणते आणि कारण देते 'मशीतीहू', मी याला पाण्यातून ओढून काढलं. इजिप्तची राजकन्या हिब्रू क्रियापदं चालवून नाव ठेवते, हे जरा अतिच. प्रत्यक्षात हे नाव बहुधा इजिप्शियनच आहे; थुतमोस, रामसेस या नावांत शेवटी जे 'मोस' किंवा 'मसेस' येतं, 'जन्मलेला' अशा अर्थाचं, तेच. म्हणजे समोरचं दैवताचं नाव गळलेलं अर्धं नाव. पण हिब्रू खुलाशातही एक मेख आहे. पाण्यातून काढलेल्या मुलासाठी व्याकरणाने 'माशूई' असं रूप हवं. 'मोशे' हे कर्तरी रूप: ओढून काढणारा. राजकन्येला वाटतं ती आपल्या कृतीबद्दल बोलते आहे. नाव मात्र त्या मुलाच्या कामगिरीबद्दल बोलतं, जी समुद्र दुभंगून लोकांना बाहेर काढण्याची आहे. बोलणाऱ्याला ठाऊक नाही, ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. ही चलाखी कथाकाराची.

असंच पण आणखी गूढ प्रकरण शमुवेलाचं. निपुत्रिक हन्ना नवस बोलते, मुलगा होतो, ती त्याचं नाव शमुवेल ठेवते आणि म्हणते, मी याला परमेश्वराकडे मागितलं. मागणं म्हणजे 'शाअल'. शमुवेलात ते बसत नाही. त्या नावात 'नाव' आणि 'देव' हे शब्द ऐकू येतात, मागणं नाही. ते एका दुसऱ्याच नावात तंतोतंत बसतं: शौल, हिब्रूत 'शाऊल', म्हणजे मागितलेला. इस्राएलचा पहिला राजा, ज्याला याच शमुवेलाने अभिषेक केला आणि पुढे यानेच नाकारला. हन्ना मुलाला देवळात सोपवताना तर म्हणते, 'हू शाऊल', हा देवाला दिलेला आहे. पण कानाला ऐकू येतं, 'हा शौल आहे'. काही अभ्यासक म्हणतात, ही मुळात शौलाच्या जन्माची कथा असावी, ती नंतर शमुवेलाला चिकटवली. मला ते पटत नाही. लोकांनी राजा 'मागितला' आणि ती मागणी महागात पडली, हाच त्या पुस्तकाचा विषय आहे; त्याची चाहूल पहिल्याच पानावर देण्याइतका कसबी तो कथाकार नक्की होता.

नाबालाचं नाव ऐकून मात्र हसू येतं. मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या सुगीत दावीदाच्या माणसांना हाकलून देणारा हा धनाढ्य. त्याची शहाणी बायको अबीगईल दावीदाला सांगते: जसं नाव तसा तो, नाव नाबाल, आणि त्याच्यापाशी 'नेवाला' म्हणजे मूर्खपणा. पोटच्या पोराचं नाव कोणी 'मूर्ख' ठेवील का? हे टोपणनाव असावं, किंवा कथाकारानेच चिकटवलेलं. त्याच्याच जवळचा शब्द 'नेवेल', म्हणजे दारूची कातडी पखाल. म्हणून सकाळी 'नाबालातून द्राक्षारस उतरला' असं वाक्य येतं तेव्हा ते पखालीसारखंही ऐकू येतं. त्यानंतर तो दगड होतो आणि दहा दिवसांनी मरतो.

नाव मुद्दाम विद्रूप केल्याची उदाहरणंही आहेत. शौलाच्या एका मुलाचं नाव बायबलमधल्याच 'इतिहास' नावाच्या पुस्तकात एश्बाल असं येतं. शमुवेलाच्या पुस्तकात तोच ईश-बोशेथ. बाल हे कनानी देवाचं नाव. नंतरच्या लेखकांना ते लिहायलाही नको वाटलं, म्हणून त्या जागी 'बोशेथ', म्हणजे लाज. एश्बाल हे नाव खरोखर वापरात होतं याचा पुरावा इस्राएलमधल्या खिर्बेत केयाफा इथल्या उत्खननात मिळाला: इसवी सनापूर्वी दहाव्या शतकाच्या सुमाराच्या एका रांजणावर कोरलेला 'एश्बाल बेन बेदा', जो २०१५ साली प्रसिद्ध झाला. माणूस वेगळा, नाव तेच.

संदेष्टे हाच खेळ नावांबाहेर नेतात. यिर्मयाला बदामाची फांदी दिसते, 'शाकेद'. देव म्हणतो मी 'शोकेद', जागा राहून लक्ष ठेवतो आहे. आमोसाला पिकल्या उन्हाळी फळांची टोपली दिसते, 'कायित्स'. देव म्हणतो माझ्या लोकांचा 'केत्स', शेवट, आला आहे. उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या बोलीत हे दोन शब्द बहुधा सारखेच उच्चारले जात. गेजेर इथे सापडलेल्या इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातल्या शेतीच्या दिनदर्शिकेत उन्हाळी फळांचा महिना 'क-त्स' असाच लिहिलेला आहे. आमोस दक्षिणेतला, आणि उत्तरेत जाऊन त्यांच्याच उच्चाराने त्यांना हे ऐकवतो.

हे सगळं भाषांतरात कसं आणायचं? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून ग्रीकमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी हव्वेच्या नावाऐवजी (हिब्रूत त्यातून 'जगणं' ऐकू येतं) सरळ 'झोए', म्हणजे जीवन, असं लिहिलं, आणि बाबेलच्या जागी 'गोंधळ' या अर्थाचा ग्रीक शब्द. खुलासा टिकला, नाव गेलं. बहुतेक भाषांतरांनी उलट केलं: नाव ठेवलं, खुलासा लंगडा केला. 'त्याचं नाव इसहाक ठेव' या वाक्यात मराठी वाचकाला हसू ऐकू येत नाही. पंडिता रमाबाईंना ही अडचण नक्की भेटली असणार. केडगावला राहून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, आयुष्याच्या शेवटापर्यंत त्याच कामात होत्या. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने नावांचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर, सामाजी हसाजी दिवेकर या नावानेही ओळखले जात. 'शाअल'ची भानगडच मिटली.

एक शब्दखेळ मात्र मराठीत जवळजवळ जसाच्या तसा येतो. रूथच्या पुस्तकात सगळी नावं बोलकी आहेत: बेथलहेम म्हणजे भाकरीचं घर, आणि तिथेच दुष्काळ, महलोन आणि खिल्योन, आजारपण आणि झिजणं, दोघंही तरणेबांड असताना मरतात, नामी म्हणजे गोड, ती परत येऊन म्हणते मला मारा म्हणा, कडू. शेवटी बवाज वेशीवर बसून रूथच्या मृत नवऱ्याच्या जवळच्या नातेवाइकाला हाक मारतो. रूथशी लग्न करून मेलेल्याचं नाव राखायची पहिली जबाबदारी या माणसाची. तो म्हणतो, नको, माझ्या वतनाचं नुकसान होईल. त्या माणसाचं नाव कथाकार लिहीतच नाही. बवाजाच्या तोंडी हाक घालतो: 'पेलोनी अल्मोनी'. या 'पेलोनी'चा अरबी भाऊ 'फुलान', तो फारसीतून आपल्याकडे आला, आणि आपण त्याला म्हणतो 'फलाणा'.